निरोगी रांगेतले उस्ताद

मेंदूइतका अबोल अवयव दुसरा नाही. हृदय धडधडून आपली वर्दी देते, पोट गुरगुरते, गुडघा कुरकुरतो, दाताची तर गोष्टच सोडा. पण मेंदू? देहातले प्रत्येक दुखणे ज्याच्या दारी येऊन रडते, त्याला स्वतःला मात्र दुखत नाही. शस्त्रक्रियेत सुरी लावली तरी तो हूं की चूं करीत नाही. ज्या करुणाकराने हा देह घडवला, त्याने असे का बरे केले असेल?

वैद्यकीच्या वर्गात ही गोष्ट प्रथम सांगितली गेली, तेव्हा बाकी साऱ्यांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र पेन खाली ठेवले आणि हात वर केला.

"सर, मग त्यालाच काही झालं, तर तो सांगणार कोणाला?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "ते शोधायचं म्हणजे आयुष्य जाईल, बाळ."

"चालेल," मुलगी म्हणाली आणि खाली बसली.

कुणी देवाला शोधायला निघतो, कुणी प्रश्नाच्या उत्तराला. निघतानाची ओढ दोघांची एकच असते; आणि किती चालावे लागेल, हे दोघांपैकी एकही विचारीत नाही.

ती मुलगी पुढे मेंदूविकारतज्ज्ञ झाली, लष्कराच्या इस्पितळात रुजू झाली, आणि जवानांनी दिलेले 'डॉक्टरबाई' हे नाव तिला जन्माचे चिकटले. ठेंगणी अंगकाठी, एका खांद्याला सदैव ओढणारी पिशवी, आणि माणसाकडे पाहण्याची एक विलक्षण तऱ्हा. समोरचा नमस्कार करीपर्यंत त्याची कोणती चप्पल जास्त झिजली आहे, डावी पापणी उजवीच्या मागून लवते का, जिना उतरताना तो कठडा का धरतो, हे सारे डॉक्टरबाईंचे पाहून झालेले असे. त्यांचे यजमान एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधणे हाच त्यांचाही धंदा. ते चारचौघांत सांगत, "लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा हिनं माझं घर विचारलं नाही की पगार विचारला नाही. खिडकीशी नेऊन डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्या सारख्या आकसल्या, म्हणून होकार!"

"खोटं आहे," डॉक्टरबाई म्हणत. "डावी जरा आळशी होती. तरी पत्करलं."

इस्पितळात हात-पाय गमावलेले येत, भाजलेले येत, आणि डॉक्टरबाई त्यांची सेवा करीत. पण त्यांचे चित्त अडकले ते जखम नसलेल्यांत. एकदा एक तरुण जवान आला. सुरुंग फुटला तेव्हा तो बराच लांब होता. अंगावर ओरखडा नाही, डोक्याचा स्कॅन आरशासारखा स्वच्छ. आणि तरीही कपात चमचा वाजला की त्याचे दोन्ही हात कानांवर जात, आणि बोलता बोलता तो मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राही, जणू वाक्याचा उरलेला अर्धा भाग बाहेर उभा आहे.

"सुटीसाठी सोंग आहे, बाई," त्याचा अधिकारी म्हणाला.

"असेल. पण सोंग घेणारा माणूस एका ठरलेल्या ठिकाणी अडखळतो. हा रोज नव्या ठिकाणी अडखळतोय. हे कसं काय?"

अधिकाऱ्याला उत्तर नको होते. डॉक्टरबाईंना हवे होते. आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. स्फोटात तुकडे उडतात ते दिसतात. पण तुकड्यांच्या आधी हवेची एक भिंतच सुटते, दाबाची लाट. ती रक्त काढीत नाही, हाड मोडीत नाही. येते आणि माणसातून आरपार निघून जाते. जाताना आत काही करून जाते काय? करीत असेल, तर ते बाहेरून दिसावे कसे?

उत्तराची वाट त्यांना डोळ्यांत सापडली. एका अभियंत्याला हाताशी धरून त्यांनी एक यंत्र उभे केले: एक खुर्ची, हनुवटी टेकायला खोबण, समोर पडदा, पडद्यावर गोल गोल फिरणारा एक ठिपका, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा. ठिपक्यामागून नजर फिरवायची, बस्स. धड मेंदूची नजर पाण्यावरून होडी सरकावी तशी सरकते. दुखावलेल्या मेंदूची नजर पायऱ्या उतरल्यासारखी उतरते. ठिपका पुढे जातो, डोळा मागे राहतो, मग उडी मारून त्याला गाठतो. यंत्रावर एक तंत्रज्ञ बाई बसत. त्या बोलायला लागल्या की बंद होत नसत, म्हणून सारे इस्पितळ त्यांना 'रेडिओताई' म्हणे, आणि त्यांनाही त्यात भूषण वाटे.

पण होडी किती सरळ सरकली म्हणजे सरळ म्हणायचे? यंत्र नवे होते, जगात त्याचे माप ठरलेले नव्हते. तेव्हा दोन रांगा हव्यात. एक धक्क्याची: स्फोटाच्या आसपास सापडलेले, पण जखम न झालेले जवान. दुसरी निरोगी: त्याच वयाचे, त्याच मेहनतीचे, तेच अन्न खाणारे, पण लढाईत कधी न गेलेले. दोन रांगांची नजर ताडून पाहायची. फरक दिसला तर तो धक्क्याचा.

निरोगी रांगेसाठी माणसे शोधायला लांब जावे लागले नाही. इस्पितळाच्या मागेच प्रशिक्षण केंद्र होते. बंद दाराला स्फोटक लावून ते उडवायचे आणि आत शिरायचे, ही विद्या तिथे शिकवली जाई. शिकवणाऱ्यांना 'उस्ताद' म्हणत; ते दुरूनच हुकूम देत असणार, असे इस्पितळाने धरून चालले होते. कागदपत्रे स्वच्छ, डोक्याला मार लागल्याची नोंद नाही, एकही लढाई पाहिलेली नाही, आणि बोलावताच हजर. सगळ्या उस्तादांत वडील जे होते, त्यांना तर नुसते 'उस्ताद' म्हटले की पुरे. रुंद छाती, खर्जातला आवाज, आणि विनोद करण्याआधीच स्वतः हसण्याची खोड. खुर्चीवर सगळ्यांत आधी तेच बसले.

"डोक्याला कधी मार? स्फोटाचा धक्का? चक्कर? शुद्ध हरपली होती कधी?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"छे! बाई, आमची ही म्हणते, डोकं असतं तर लागलं असतं."

पुढे उस्ताद आपल्या शिकाऊ पोरांना मोठ्या ऐटीत सांगू लागले, "तुमची सगळ्यांची डोकी या डोक्याशी ताडून बघतात, समजलात? सरकारी शिक्क्याचं वजन आहे हे!" आणि स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून दाखवीत. प्रशिक्षणाच्या दर हंगामात ते आपल्या साथीदारांना घेऊन येत, खोलीत आल्या आल्या पडदे ओढून घ्यायला लावीत ("उजेड कसला तो, नाटक बसवताय काय?"), आणि दर वेळी नवेच नाव घेऊन रेडिओताईंना हाक मारीत. सगळे हसत. डॉक्टरबाईही हसत. ज्या नजरेतून जगाची चप्पल सुटत नसे, त्या नजरेला ओढलेला पडदा दिसला नाही. का दिसला नाही? कारण निरोगी रांगेत काही पाहायचे असते, हेच मनात आले नाही.

वर्षे गेली. आकडे जमले. दोन रांगा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि फरक निघाला नाही. अगदी नाही. धक्का खाल्लेल्यांची नजर जशी, तशीच निरोगी उस्तादांची. दोन्हीकडे सारख्याच पायऱ्या; म्हणजे एवढ्या पायऱ्या धड डोळ्यालाही असतातच, असे मानावे लागले.

डॉक्टरबाईंनी आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. पण सत्याच्या दारात हट्ट धरून बसता येत नाही. जे दिसले ते लिहायचे, हा त्यांचा नेम होता. त्यांनी लिहिले: जखम न करणारा धक्का मेंदूला इजा करीत असल्याचा पुरावा मिळाला नाही. इस्पितळाचे प्रमुख, ज्यांना सारे 'मोठे साहेब' म्हणत, फारच खूश झाले. शोधनिबंध छपाईला गेला. त्याच्या आधारावर समिती नियम करणार होती: स्फोटाजवळ सापडलेला पण जखम नसलेला जवान लगेच कामावर परत जाईल, आणि केंद्रातला सराव आहे तसाच चालू राहील.

आणि याच सुमारास यंत्राचा कॅमेरा बदलला.

नवा कॅमेरा बसवला की तो आधी कुणाच्या तरी डोळ्यांवर लावून पाहावा लागतो. जवान सगळे कवायतीला गेले होते. तेव्हा रेडिओताईंनी व्हरांड्यात जो दिसेल त्याला दंडाला धरून आत आणले: भटारखान्यातला आचारी, रुग्णवाहिकेचा चालक, चादरींचा गठ्ठा घेऊन निघालेला परीट. दुपारी त्या डॉक्टरबाईंच्या खोलीत आल्या.

"बाई, हा कॅमेरा भलताच मनमिळाऊ निघाला. जो येईल त्याला शाबासकी देतोय. आचारी पास, चालक पास, आणि परीट तर असा पास की बघत राहावं! परत पाठवू का कंपनीला?"

डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. आचाऱ्याची नजर होडीसारखी गेली होती. चालकाची तशीच. परिटाची तर शांत तळ्यावरून गेलेली. उस्तादांच्या रांगेत अशी रेघ एकही नव्हती.

"आचारी किती वर्षांचे?"

"आपल्या उस्तादांपेक्षा थोरले असतील. आणि धूर खाऊन डोळे लाल. तरी बघा की!"

मानेवर काटा उभा राहणे म्हणजे काय, ते डॉक्टरबाईंना कळले. आणि तो काटा भीतीचा नव्हता. घरातली नेहमीची भिंत चाचपावी आणि हाताला दाराची कडी लागावी, तसे काही तरी झाले होते. त्यांनी कॅमेरा उलटसुलट तपासला. जुना कॅमेरा पुन्हा जोडून त्याच माणसांना पुन्हा बसवले. स्वतः बसल्या. रेडिओताईंना बसवले ("तोंड मिटून बसायचं?" "डोळे उघडे ठेवून, ताई. तोंडाचं तुम्ही ठरवा."). माळी आला, न्हावी आला, लेखनिक आला. होड्याच होड्या. मग त्यांनी उस्तादांना बोलावणे धाडले. उस्ताद आले, बसले, हनुवटी टेकवली. आणि पडद्यावर पायऱ्या उमटल्या. नव्या कॅमेऱ्यावरही पायऱ्या, जुन्यावरही पायऱ्या.

"काय बाई, सरकारी वजन ठीक आहे ना?"

डॉक्टरबाई पडद्यावरून वळल्या. त्यांच्या ओठांवर एक प्रश्न आला होता, इतका साधा की तो आजवर विचारला नाही याची त्यांना लाज वाटली.

"उस्ताद, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?"

"म्हणजे? शिकवतो."

"मला दाखवाल?"

"इतक्या वर्षांनी पत्ता विचारलात!" उस्ताद खो खो हसले. "चला की."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई मैदानावर गेल्या. मातीच्या बांधामागे त्यांना उभे केले, कानांवर आवाज रोखणारी जाड टोपणे चढवली. समोर एक भिंत, भिंतीला दार. शिकाऊ पोरे दाराच्या अलीकडे एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. आणि उस्ताद? उस्ताद ओळीच्याही पुढे, दाराशी सगळ्यांत जवळ. स्फोटक नीट चिकटले का, पहिल्या पोराचा पाय वेळेआधी उचलला जातोय का, कुणाचे डोके ढालीबाहेर आहे का, हे बघायला दुसरे उभे राहणार कुठे? खर्जातला आवाज घुमला, पोरांनी माना खाली घातल्या, आणि दार गेले.

आवाज नंतर आला असे डॉक्टरबाईंना वाटले. आधी आला तो एक रट्टा: छातीवर, दातांत, डोळ्यांच्या मागे. बांधामागे, इतक्या दूर. क्षणभर त्यांना आपण कुठे उभ्या आहोत ते आठवेना.

धूळ खाली बसली. पोरे आत शिरून बाहेर आली, पाणी प्यायला सावलीत गेली. दुसरी तुकडी उभी राहिली. उस्ताद तिथेच. खर्जातला आवाज, दार गेले. तिसरी तुकडी आली. पोरे बदलत होती, दार बदलत होते. एक माणूस बदलत नव्हता.

दुपारी उस्ताद घाम पुसत आले.

"हे रोज?"

"हंगामात रोज."

"उस्ताद, मी तुम्हाला दर वेळी विचारलं, स्फोटाचा धक्का कधी बसलाय का. तुम्ही म्हणालात, कधीच नाही!"

उस्ताद खरोखरच गोंधळले. "मग? खोटं काय त्यात? धक्का म्हणजे शत्रूचा, बाई. हा कुठला धक्का? हे तर शिकवणं आहे."

पाहा, माणसाचे मन किती निर्मळ आणि किती फसवे! जे वैऱ्याच्या हातून आले ते दुखणे, आणि जे आपल्या हातून, आपल्या कामातून, आपल्या पोरांच्या प्रेमातून आले, ते मोजायचेच नाही. हवेच्या लाटेला मात्र आपपरभाव नसतो. शिकाऊ पोराच्या वाट्याला ती मोजकी येते. लढाईवरच्या जवानाला कधीमधी गाठते. आणि उस्तादाला ती रोज भेटत होती, शेजाऱ्यासारखी. डॉक्टरबाईंनी दुखावलेल्यांची तुलना अधिक दुखावलेल्यांशी केली होती. फरक निघणार कुठून?

घरी यजमान जेवणाच्या टेबलावर शोधनिबंधाची मुद्रिते तपासत बसले होते. बायकोचे लिखाण छापायच्या आधी ते स्वतः नजरेखालून घालीत.

"ये. इथे एक स्वल्पविराम घातलाय, आणि इथला काढलाय. बाकी एकही चूक नाही, अभिनंदन."

"आहे."

"कुठल्या पानावर?"

"सगळ्या."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. डॉक्टरबाईंनी सगळे सांगितले. ऐकता ऐकता यजमानांचा चेहरा उतरत गेला. पण डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र, काय सांगावे, फुलत गेला होता.

"अगं, इतक्या वर्षांचं काम बुडतंय, आणि तू हसतेस?"

"हसत नाहीये हो. पण फरक आहेच! मी म्हणत होते ना, लाट काही तरी करते? करते. ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसून विनोद सांगत होती." आणि मग त्या टेबलाशी टेकल्या. "मागे घेतला तर माझी माणसं पांगतील. समिती मला पुन्हा विचारायची नाही. न घ्यावा तर उस्ताद उद्याही त्या दाराशी उभे राहतील, माझी सही दाखवून."

यजमानांनी मुद्रितांची पाने गोळा केली. मग त्यांनी ती सारखी केली आणि म्हणाले, "निबंध मागे घेशील, ते मला ठाऊक आहे. मी विचार करतोय तो दुसराच. त्यांना कोण सांगणार?"

"मीच."

उस्तादांचे घर केंद्राच्या वसाहतीत होते. दोन खोल्या, दारात बुटांची रांग, आणि भर दुपारी खिडक्यांना जाड कापड. वहिनींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोने, खुर्ची पुढे केली. डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले.

"मी म्हटलं नव्हतं?" वहिनी म्हणाल्या. "दिवे बदलले, कुकरची शिट्टी काढून ठेवली, पाहुणे बंद केले. विचारलं की म्हणतात, बाईंच्या यंत्रावर पास झालोय."

"तू गप्प बस." उस्ताद डॉक्टरबाईंकडे वळले. आज विनोद नव्हता. "मी माप होतो, बाई. माझ्याशी ताडून तुम्ही त्या पोरांना धडधाकट म्हटलंत. आणि आता म्हणता, मापच खोटं?"

"माप खोटं नव्हतं. मी चुकीच्या जागी ठेवलं."

"इतकी पोरं शिकवली. एकाचं बोट तुटू दिलं नाही! कारण मी जवळ उभा होतो म्हणून. हे तुमच्या यंत्रावर येतं का कुठं?"

"नाही येत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते खरं आहे, आणि ते यंत्रावर येत नाही."

"मला दाराशी उभं राहू देणार नाहीत."

"नाही देणार. तसं सांगायला मीच चाललेय."

उस्ताद उठले आणि बूट न घालताच बाहेर गेले. वहिनींनी त्यांना हाक मारली नाही.

समितीच्या दालनात लांब टेबल होते आणि पाण्याचे पेले झाकून ठेवलेले होते. डॉक्टरबाईंनी उभे राहून सांगितले, की निष्कर्ष चुकला आहे, निबंध मागे घेतला आहे, आणि का.

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत! ठीक. मग आता नेमकं सांगा. किती अंतर सुरक्षित? किती स्फोट चालतील?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही? इतकी वर्षं तुम्ही केलंत काय?"

"चुकीच्या माणसांना निरोगी म्हटलं. आता बरोबर माणसं माहीत झाली आहेत. प्रश्न आता कुठे सुरू होतोय."

कुणी तरी हसले. पण टेबलाच्या टोकाला बसलेले एक वयस्क अधिकारी, जे स्वतः कधी काळी त्याच मैदानावर शिकवीत असत, हसले नाहीत. त्यांनी पेल्यावरचे झाकण काढले, परत ठेवले, आणि म्हणाले, "बाईंना कळेपर्यंत सगळे उस्ताद बांधामागे उभे राहतील. आळीपाळीने. आणि जवान तपासल्याशिवाय परत जाणार नाहीत. एवढं तर आपण करू शकतो?"

एवढे झाले. बाकी डॉक्टरबाईंना भीती होती तसेच झाले. मोठ्या साहेबांनी अबोला धरला, अभियंता दुसरीकडे गेला, सहकारी पांगले. राहिल्या त्या फक्त रेडिओताई. "मला दुसरीकडे कोण बोलू देणार?" त्या म्हणाल्या. उस्तादांना मैदानावरून काढून भांडारात बसवले. ते तिथे जवानांना बूट मोजून देत. इस्पितळाच्या रस्त्यावर डॉक्टरबाई समोर आल्या की ते ताठ उभे राहून सलाम ठोकीत आणि निघून जात. डॉक्टरबाई रोज देवापुढे हात जोडीत, आणि त्यांच्या प्रार्थनेत एकच ओळ वाढली होती: मला क्षमा करू नकोस, पण त्यांना एकदा बोलायला लाव.

मग एका सकाळी व्हरांड्यात गलबला झाला. रेडिओताई धावत आल्या आणि, नवल म्हणजे, त्यांना शब्द सुचेना. त्यांनी नुसते दाराकडे बोट दाखवले.

दारात उस्ताद उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्या मागे त्यांच्याहून म्हातारा एक माणूस, त्याच्या मागे त्याहून म्हातारा, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत अशीच माणसे: काठी टेकणारी, कानाला यंत्र लावलेली, कुणी बायकोचा हात धरलेली, कुणी तो झिडकारणारी.

"हे माझे उस्ताद," उस्ताद म्हणाले. इतक्या दिवसांनंतरचे ते पहिले शब्द. "आणि हे त्यांचे. या दाराची विद्या ज्यांनी ज्यांनी शिकवली, त्यातले जेवढे हयात सापडले तेवढे आणलेत. भांडारात बसून दुसरं काम काय? विचार केला, वजन जर चुकीचं निघालं, तर सगळीच वजनं एकदा तपासली पाहिजेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या डोक्यात काय झालंय ते मला बघायचंय, बाई. आणि पुढं काय होणार आहे, तेही. ते यांच्याकडं बघून कळेल ना?"

डॉक्टरबाईंना नमस्कार करायचा होता. पण हात जोडण्यासाठी वर आले आणि ते तसेच तोंडावर गेले. गुरूच्या मागे गुरू, त्याच्या मागे गुरू, अशी ती परंपरा दाराशी येऊन उभी होती, आणि प्रत्येकाने पुढच्याला विद्येबरोबर लाटही दिली होती, नकळत, प्रेमाने.

सर्वांत म्हाताऱ्या उस्तादाला आधी आत घेतले. ते खुर्चीत बसले आणि खुर्चीच्या हातावर बोटे वाजवीत जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्या बरोबर त्यांची बायको होती, वाळकी, ताठ, पदर घट्ट खोचलेली. रेडिओताई हनुवटीची खोबण खाली सरकवू लागल्या, तेवढ्यात म्हातारी म्हणाली,

"थांबा. बाई, आम्हाला औषधबिषध नको. या वयात काय करायचंय? मला एवढंच सांगा. यांनी ताटं भिरकावली. पोराला घराबाहेर काढलं, तो परत आला नाही. माझ्याशी वर्षंच्या वर्षं धड बोलले नाहीत. लोक म्हणायचे, स्वभाव. मीही म्हटलं, स्वभाव. आता हा तुमचा उस्ताद सांगतो, की ते दुखणं असेल." तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. "काय होतं ते?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. पण खुर्चीच्या हातावरची त्याची बोटे थांबली.

एक गोड शब्द त्या क्षणी किती सोपा होता! 'दुखणंच होतं, आजी,' म्हटले असते, तर म्हातारीचे सारे आयुष्य हलके झाले असते. डॉक्टरबाईंच्या ओठांवर तो आलाही. पण एकदा न पाहता बोलून त्यांनी केवढे नुकसान केले होते, ते दाराशीच उभे होते.

"मला माहीत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "थोडं दुखणं असेल, थोडा स्वभाव असेल. किती काय, ते आज सांगता येत नाही. पण शोधता येईल, तुम्ही मदत केलीत तर."

"मी? मला काय कळतं मेंदूतलं?"

"मेंदूतलं नको. लग्न झालं तेव्हा कसे होते हे?"

म्हातारीच्या कपाळावर आठी पडली, मग ती हळूहळू सैल झाली.

"शिट्टी वाजवायचे," ती म्हणाली. "सकाळी दाढी करताना. फेस तोंडात जायचा, तरी वाजवायचे."

म्हाताऱ्याने मान वर केली. "मी?"

"मग काय शेजारी? तुम्हीच."

डॉक्टरबाईंनी यंत्र बाजूला सारले, एक स्टूल ओढले आणि म्हातारीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"आजी, नीट आठवून सांगा. ती शिट्टी कधी थांबली?"

म्हातारी आठवू लागली.